पक्का रंग

फॉर्मवरचा पहिलाच रकाना : प्रवाहाचे नाव.
अक्कलकोट रोडच्या मागून
चादरींच्या कारखान्यांना वळसा घालून जातो
त्याला सगळे नाला म्हणतात.
जुन्या मोजणीच्या नकाशावर बारीक निळी रेघ आहे,
शेजारी नुसतं 'ओढा'.
मी ओढा लिहिते. पेन्सिलीनं.

केंद्र क्रमांक तीन. सकाळचे सव्वासात.
जाळी पाण्यात आडवी धरायची
आणि तिच्यापुढचा तळ पायांनी ढवळायचा
तीन मिनिटं, घड्याळ लावून.
तीन मिनिटं फार असतात.
बाभळीखालून शेळीवाली विचारते,
'काय हरवलं गं? काय शोधालीस?'
'किडे.'
ती शेळ्यांकडे बघते, मग माझ्याकडे.
'घरचं कोन हाय का न्हाई संगं?'

पांढऱ्या ट्रेमध्ये गाळ बसू द्यायचा.
बसला असं वाटतं, तेवढ्यात गाळच हलायला लागतो.
डोकं चिखलात खुपसून शेपूट नाचवणारे दोरे.
गोगलगायी नऊ, त्यातल्या सात नुसते शंख.
आणि लाल अळ्या.
दोनशे चाळीसपर्यंत मोजल्या, मग मान दुखली.

प्रयोगशाळेत इरण्णा बिराजदार ब्युरेट भरून देतात.
बाटलीतलं पाणी आधी पिवळं होतं,
स्टार्च घातला की निळं,
मग थेंब थेंब सोडत तो निळा घालवायचा.
जितके थेंब लागतील तितका पाण्यात प्राणवायू.
आज निळा चटकन गेला.
इरण्णा म्हणाले, 'संपलं? आत्ताच तर बसलीस.'

नान्नानं एकतीस वर्षं याच ओढ्याकाठी
सूत रंगवलं.
पिपाची तोटी सोडली की पाणी कुठं जायचं
हे घरात कुणी विचारलं नाही.
माझी फी त्याच तोटीतून यायची.
त्याच्या नखांच्या कडांना अजून मोरपंखी आहे.
रात्री त्याला एक अळी दाखवली, भिंगाखाली.
बराच वेळ बघत राहिला.
'हा लाल आमच्या पिपातला न्हाई.'
मी सांगितलं, तिच्या रक्ताचा आहे,
हवा कमी असेल तिथं जगायला लागतो.
त्यानं डोळा भिंगावरून काढला नाही.
'पक्का रंग हाय,' म्हणाला.
'कितीबी धू. जानार न्हाई.'
रंगाऱ्यानं रंगाऱ्याला द्यावी तशी दाद होती ती.

केंद्र क्रमांक एक कारखान्यांच्या वर आहे,
तिथं एका विहिरीचा पाझर ओढ्यात उतरतो.
डिसेंबरात तिथल्या दगडाखाली ती सापडली :
नखाएवढी, हिरवट,
पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची झालर,
शेपट्या तीन.
पुस्तकात लॅटिन नाव आहे. मराठी मला मिळालं नाही.
पाण्यात दगड मारत बसलेला एक पोरगा म्हणाला,
'तीनशेपटी लिवा की.'
घाण पाण्यात ही राहतच नाही.
म्हणून तर ती मोलाची,
आणि म्हणूनच नियम असा की पुरावा लागतो.
अल्कोहोलच्या कुपीत ती दोनदा वळली.

जानेवारीत त्याच दगडाखाली काही नव्हतं.
आजूबाजूचे चाळीस दगड उलटले, परत तसेच ठेवले.
सर म्हणाले, एकानं सरासरी हलत नाही.
खरं आहे. हलत नाही.

कुपी टेबलावर होती, नान्नानं उजेडात धरली.
हिरवा गेला होता, नुसता पांढुरका धागा.
'हा कच्चा निघाला,' एवढंच बोलला.
मी विचारलं, त्या ओढ्याला तुम्ही काय म्हणायचात?
'नाव कशाला? तिथं गेलं की कळायचं,
आज जांभळा हाय, आज तपकिरी.'
थोड्या वेळानं म्हणाला, 'माझा बाप त्यात पोहायचा म्हने.
त्यानं काय म्हटलं असंल, ठाऊक न्हाई.'

कुपीच्या आत चिठ्ठी घालायची असते :
तारीख, जागा, गोळा करणाऱ्याचं नाव.
पेनानं लिहायची नाही,
अल्कोहोलमध्ये शाई उडते.
दहा डिसेंबर. ओढा, केंद्र एक. तीनशेपटी.
राजमणी गुर्रम.
सगळं पेन्सिलीनं.
ती जात नाही.